चार रंगांची पद्धत

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११.२०

आज निकाल लागला. मी आळशी नाही, धांदरट नाही, बेजबाबदारही नाही. मला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी ठरत नाही. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंनी तसं सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं. जिन्यात उभं राहून कागद दोनदा वाचला. फार हलकं वाटलं. शाळेतल्या काही मास्तरांना पाठवावा असं मनात आलं, पण बहुतेक हयात नसतील.

डॉक्टरबाई म्हणाल्या, हे जात नाही, पण याच्यासकट चांगलं जगता येतं. रोज सकाळी एक गोळी. झोप वेळेवर. एका वेळी एकच काम. रोज वहीत चार ओळी. सहा आठवड्यांनी, सोळा मार्चला, परत या.

सहा कशाला? माझा वेग बघता तीन पुरेत.

वही घ्यायला गेलो. नेमकी कुठली ते ठरेना म्हणून चार घेतल्या. त्यात लॅबला जायला उशीर झाला, पण त्याचा आजाराशी संबंध नाही. दुकानदाराने वह्या दोन वेगळ्या मजल्यांवर ठेवल्या होत्या.

३ फेब्रुवारी, मंगळवार

नोंद रीतसर असावी, म्हणून सुरुवातीपासून. मी दातांच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, त्यावरून आम्ही कॅपा आणि कवळ्या करतो. तेवीस वर्षं झाली. तुमची दाढ जिभेलासुद्धा ओळखू येत नाही, असं खुद्द मॅडम एकदा म्हणाल्या होत्या. मॅडम म्हणजे लॅबच्या मालकीण. हल्ली त्या वेगळंच काही म्हणतात. डिसेंबरात मी डावीकडची दाढ उजवीकडची केली. जानेवारीत दोन कॅपा भट्टीत ठेवून मी खाली पार्किंगमध्ये गेलो आणि तिथे एकाची सायकल दुरुस्त करत बसलो. सायकल अजून उत्तम चालते.

आज त्यांनी आत बोलावून सांगितलं की यापुढे एक जरी काम बिघडलं तरी मला कवळ्यांवरून काढून प्लास्टर ओतायला बसवतील. प्लास्टर ओतण्यात कमीपणा काही नाही. आमचा प्लास्टरवाला पंधरा वर्षं तेच करतो आणि सुखी आहे. मला त्याच्याइतकं सुखी व्हायचं नाही.

बायकोला हे सांगितलं नाही. ती रुग्णवाहिकांच्या कंट्रोल रूममध्ये असते. शहरातल्या चाळीस गाड्या या क्षणी कुठे आहेत ते ती डोळे मिटून सांगते. माझाच तेवढा तिला पत्ता लागत नाही, असं तिचं म्हणणं.

४ फेब्रुवारी, बुधवार. दुपारी १२

पद्धत तयार झाली. लॅबमधल्या माझ्या खोलीत पांढरा फळा लावला. चार रंगांचे मार्कर. लाल म्हणजे तातडीचं, निळं म्हणजे महत्त्वाचं, हिरवं म्हणजे रोजचं. काळ्याचं अजून ठरायचंय. रकाने आखायला सकाळ गेली, पण पाया पक्का हवा. प्लास्टरवाला दारातून डोकावून म्हणाला की फळा छान झालाय, आता त्यावर काय लिहिणार. त्याला लांबचं दिसत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सासूबाई आल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. फिजिओथेरपी सेंटर आमच्या घराजवळ, म्हणून महिनाभर आमच्याकडे. वॉकर घेऊन, एक पाऊल टाकून थांबत थांबत चालतात. कमी बोलतात. तीस वर्षं एका वाचनालयाच्या अभ्यासिकेत नोकरी केली, त्याचा परिणाम.

बायकोने मला एकच काम दिलं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी चार वाजता सेंटरमधून आईला घरी आणायचं. सेंटर माझ्या लॅबपासून दोन गल्ल्या. ती म्हणाली की दुसरं काहीच मागत नाही, एवढं सांभाळ. मी हसलो. पद्धत असताना एवढंसं काम म्हणजे तिचा अपमान होता. पद्धतीचा.

फळ्यावर लाल रंगात लिहिलं: ४.००, आई.

६ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ६.१५

काम फत्ते. सासूबाई घरी सुखरूप.

वेळेत किंचित फरक. चारऐवजी चार पंचावन्न. झालं असं की साडेतीनला उठणारच होतो, तर हातातल्या दाढेकडे बघून प्रश्न पडला की अक्कलदाढ काहींना येते आणि काहींना का येत नाही. दोन मिनिटं बघू म्हणून फोन उघडला. तिथून हत्तीवर गेलो. हत्तीला जन्मात सहा वेळा दाढा येतात. हे आपल्या धंद्यात माहीत असायला हवं.

सासूबाई बाकावर बसून शब्दकोडं सोडवत होत्या. सेंटरची बाई कुलूप हातात घेऊन उभी होती. सासूबाईंना वाटेत हत्तीचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, अस्सं.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज तीन गजर लावले होते. तिन्ही वेळेवर वाजले. पद्धतीत दोष नाही.

पहिला वाजला तेव्हा हातात ओलं पोर्सिलेन होतं. ते वाळू देता येत नाही, म्हणून गजर बंद केला. दुसरा त्याच कारणाने. तिसरा वाजला तेव्हा तो कशाचा ते आठवेना. असेल काही, म्हणून तोही बंद.

पाच दहाला दार ढकललं गेलं. दारात सासूबाई. वॉकर घेऊन दोन गल्ल्या आणि मधला मोठा चौक ओलांडून एकट्या आल्या होत्या. कपाळावर घाम, पाय थरथरत होता. मी उभा राहिलो तो हातात ब्रश तसाच धरून.

“बसायला काही आहे का?” त्या म्हणाल्या.

स्टूल दिलं. त्या बसल्या, श्वास घेतला, पिशवीतून कोडं काढलं. निघू या म्हटलं तर म्हणाल्या, हातातलं संपवा. मीही बसलो. पन्नास मिनिटांत तीन कॅपा झाल्या. फळा लावल्याचा फायदा इतक्या लवकर दिसेल असं वाटलं नव्हतं.

घरी त्यांनी लेकीला सांगितलं की मीच म्हटलं, लॅब बघायची आहे, म्हणून उशीर झाला. त्यांना लॅबमध्ये इतका रस आहे हे मला माहीतच नव्हतं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

पद्धतीत सुधारणा. आता सासूबाई स्वतःच सेंटरमधून लॅबपर्यंत चालत येतात आणि सहाला आम्ही मिळून घरी जातो. चालणं हा उपचाराचाच भाग. सेंटरची बाईही म्हणाली की चालणं उत्तम. तिला मूळ कारण सांगायची गरज वाटली नाही.

दोन तासांत सात कॅपा. तेवीस वर्षांतला विक्रम. सगळं श्रेय हिरव्या मार्करला.

२१ फेब्रुवारी, शनिवार

आठवडाभर नोंद नाही. वही हरवली नव्हती. पार्सलांच्या ढिगात ठेवली गेली आणि चार कॅपांबरोबर एका दातांच्या डॉक्टरकडे रवाना झाली. काल परत आली. वर चिठ्ठी: “हे आमच्या पेशंटचं नाही.” त्याने वाचली असेल का? हत्तीच्या पानावर चहाचा डाग आहे. माझा नाही.

उरलेल्या तीन वह्या कुठे आहेत ते बघायला हवं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी ५

सासूबाई आता रोज दोनला येतात, सेंटरच्या दिवशी चारला सुटल्यावर. घरात एकटीला कंटाळा येतो म्हणे. वॉकर गेला, काठी आली. म्हाताऱ्या माणसाला जरा सोबत दिली की किती बरं वाटतं. मी काही फार करत नाही, फक्त माझ्या खोलीत बसू देतो. पण हल्ली एवढंही कोण करतं?

त्या काही बोलत नाहीत. कोडं, चष्मा, पेन्सिल. आज मला आठवलं की खिडकीची बिजागरी करकरते. स्क्रू ड्रायव्हर घेऊन उठलो. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. मी परत बसलो. बिजागरी तशी तातडीची नव्हतीच.

गोळी रोज घेतो. बुधवारी दोनदा घेतली की एकदाही नाही, ते नक्की सांगता येत नाही.

पाच कॅपा, एक ब्रिज.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

मॅडमनी मोठं काम दिलं. एक निवृत्त बातमी वाचणारे गृहस्थ. चाळीस वर्षं रेडिओवर बातम्या वाचल्या, आता वरचे सगळे दात गेले. एकोणीस मार्चला त्यांचा जाहीर सत्कार आहे आणि त्यांना उत्तराचं भाषण करायचंय. अठराला पाच वाजता कवळी हातात हवी. मॅडम म्हणाल्या की दुसऱ्या लॅबला देणार होते, पण तुमचा फेब्रुवारी बघून तुम्हाला देतेय. आणि मग थांबून म्हणाल्या, हे शेवटचं बघते.

घरीही वातावरण उत्तम. बायको काल म्हणाली की सलग तीन आठवडे मी कुठलीही किल्ली हरवली नाही. तिने हे म्हणताना माझ्याकडे जरा वेळ बघितलं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बघायची तसं.

आता थांबून चालणार नाही. हे इतरांपर्यंत पोचलं पाहिजे. छोटं पुस्तक लिहायचं ठरवलं: “चार रंगांत शिस्त”. माझ्यासारख्या प्रौढांसाठी. सोळा तारखेला डॉक्टरबाईंना निदान पहिलं प्रकरण दाखवायचं. मुखपृष्ठ तयार आहे.

६ मार्च, शुक्रवार

बातमीवाल्यांची ट्रायल झाली. मेणाच्या पट्टीवर चौदा दात मांडून तोंडात बसवून बघायचे, तो टप्पा. गृहस्थ सावकाश बोलतात, प्रत्येक अक्षर धुऊन पुसून ठेवल्यासारखं. आरशासमोर उभे राहून त्यांनी वाऱ्याचा वेग आणि समुद्राची स्थिती वाचून दाखवली. ‘श’ जरा शिट्टी मारत होता. पुढचे दोन दात केसभर आत घेतले. शिट्टी थांबली. त्यांचे डोळे भरून आले, मग त्यांनी घसा साफ केला.

स्टुलावरून सासूबाई म्हणाल्या, छान. मला वाटतं त्यांना वाऱ्याचा वेग आवडला.

राहिलं काय तर मेणाच्या जागी कायमचं गुलाबी प्लास्टिक भरायचं, गरम पाण्यात शिजवायचं, घासूनपुसून चकाकी आणायची. दोन दिवसांचं काम. हातात बारा आहेत.

८ मार्च, रविवार

सासूबाई आपल्या घरी गेल्या. गुडघा अपेक्षेहून छान बरा झाला. सेंटरच्या बाईने माझं खास कौतुक केलं की जावयाने रोज चालवलं म्हणून हे झालं. मी नम्रपणे मान हलवली. बायकोनेही हलवली, पण वेगळी.

निघताना सासूबाई म्हणाल्या, काही लागलं तर फोन करा. मी म्हटलं, तुम्हालाच काही लागलं तर करा. सवय झाली असेल माझी.

खरं सांगायचं तर बरंच झालं. जबाबदारी होती ती एक. कुणी समोर बसलं की थोडंफार लक्ष तिकडे जातंच. आता एकटा, मोकळा. वेग दुप्पट होणार. कवळी बुधवारपर्यंत उरकून टाकतो.

९ मार्च, सोमवार

स्टुलावर दुसरा फळा ठेवला. पहिल्यावर जागा पुरत नव्हती. जुने रकाने पुसून नवे आखले. काळ्याचं ठरलं: काळं म्हणजे झालेलं काम. आज काळं काही नाही.

खिडकीची बिजागरी बदलली. आता अजिबात आवाज नाही.

१० मार्च, मंगळवार. संध्याकाळी ४.४०

आज चार वाजता, अगदी चारच्या ठोक्याला, फिजिओथेरपी सेंटरला पोचलो. बाकावर बसलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. सेंटरच्या बाईने विचारलं की कुणाला न्यायला आलात. मी सांगितलं.

ती म्हणाली, त्या तर गेल्या ना?

मी म्हटलं, हो, माहीत आहे, इकडून जात होतो. तिने पाणी आणून दिलं. ते सगळं पिऊन बाहेर पडलो.

वेळ मात्र अचूक साधली होती, हे नोंदवून ठेवतो.

१२ मार्च, गुरुवार. दुपारी ३.३०

साडेअकराला कवळीचा साचा गरम पाण्यात सोडला. हे सावकाश तापवायचं असतं. पाणी भसाभस उकळलं तर प्लास्टिकमध्ये बुडबुडे धरतात. हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. आच कमी करायला दहा मिनिटांनी उठायचं होतं. तेवढ्यात लक्षात आलं की टेबलावरच्या गजराच्या घड्याळात सेल नाहीत, आणि सेल नसतील तर दहा मिनिटं कळणार कशी? म्हणून सेल आणायला गेलो. दुकानात टॉर्च फार चांगले आले आहेत.

परत आलो एक वीसला. हातात सेल होते.

साचा फोडला. कवळी स्पंजासारखी. ठिकठिकाणी बुडबुडे, तीन दात वाकडे. बराच वेळ ती हातात धरून बसलो. गृहस्थांचे भरलेले डोळे आठवले. ते आठवायची आत्ता गरज नव्हती.

मॅडम आल्या, बघितलं, एकच वाक्य बोलल्या: अठरा तारीख बदलत नाही. मग प्लास्टरवाल्याला हाक मारून विचारलं की जास्तीचं टेबल त्याच्या खोलीत मावेल का.

तोंडाच्या मापाचा दुसरा साचा आणि दोन्ही जबड्यांचं माप जपून ठेवलेलं होतं, हे नशीब. मी नाही ठेवलं. प्लास्टरवाल्याने.

१३ मार्च, शुक्रवार

एकही दात मांडला नाही. फळ्यावर लाल रंगाने लिहिलं आणि त्याच्याकडे बघत बसलो. पुस्तकाला प्रस्तावना हवी असं वाटलं, तीही सुचली नाही. माझ्या खोलीत आता इतकी शांतता आहे की फ्रीजचा आवाज येतो. फ्रीज मॅडमच्या खोलीत आहे.

घरी गेलो तर बायकोच्या हातात गोळ्यांचं पाकीट. तिने मोजल्या होत्या. रविवारपासूनच्या सगळ्या तशाच. मी म्हटलं, गोळ्यांचा रकाना नव्या फळ्यावर घ्यायचा राहिला. दाराच्या कुलपाला बाहेरून लटकत राहिलेली माझी किल्ली तिने माझ्यासमोर टेबलावर ठेवली. मग सोळा तारखेला मीही येते म्हणाली.

१६ मार्च, सोमवार. दुपारी १

डॉक्टरबाईंकडे दोन्ही फळ्यांचे फोटो नेले. मुखपृष्ठही नेलं. त्यांनी शांतपणे विचारलं की फेब्रुवारीत चांगलं चाललं होतं आणि मार्चमध्ये बिघडलं, तर मधे काय बदललं.

मी सांगायला सुरुवात केली. लाल-निळ्याचं प्रमाण, रकान्यांची रुंदी, काळ्याचा प्रश्न. वीस मिनिटं तरी बोललो असेन. डॉक्टरबाई मधे मधे लिहून घेत होत्या, त्यामुळे हुरूप आला.

मी श्वास घ्यायला थांबलो तेव्हा बायको म्हणाली, “तेव्हा समोर आई बसायची.”

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. मग समजावून सांगितलं की कितीतरी जणांचं असं असतं. कुणी नुसतं शेजारी असलं की मन कामावर टिकतं. त्या माणसाने काही करायला लागत नाही. यात लाजण्यासारखं काही नाही, फसवणूकही नाही. चष्मा लावतो तसंच. गोळी चालू ठेवा, आणि कुणीतरी सोबत बसेल अशी रोजची सोय लावा.

मला हे मान्य नाही. चार रंग, दोन फळे, तीन गजर, आणि श्रेय कुणाला, तर स्टुलावर बसून कोडं सोडवणाऱ्या बाईंना? मी लहान मूल आहे का? येताना बायकोशी बोललो नाही. ती म्हणाली की तिला हे फेब्रुवारीतच कळलं होतं, पण आईने शपथ घातली होती.

उद्या दाखवतोच. एकटा बसून चौदाचे चौदा दात.

१७ मार्च, मंगळवार. सकाळी ९.००

गोळी घेतली. फोन बंद. दार बंद. सुरू.

९.२०. एक दात.

९.५०. दार बंद असल्याने गुदमरायला झालं. उघडलं.

१०.४०. दोन दात. टेबलाचा एक पाय आखूड आहे हे तेवीस वर्षांत कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?

१२.१५. टेबल आता हलत नाही. दात दोनच.

१.३०. तीन. त्यातला एक काढून परत लावलेला.

दुपारी २.२०. सकाळपासून सतरा वेळा उठलो. हे मोजत होतो. म्हणजे लक्ष आहे माझं. सगळं आहे. ते दातांवर नाही, एवढंच.

संध्याकाळी ७

अडीच वाजता सासूबाईंना फोन केला. गुडघ्याची चौकशी करावी म्हणून. त्या म्हणाल्या, बरा आहे. मग विचारलं की कवळी झाली का. मी म्हटलं, होत आली. त्या गप्प राहिल्या. अभ्यासिकेत तीस वर्षं गप्प राहिलेल्या बाईंसमोर खोटं फार वेळ टिकत नाही. तीन दात झाले, म्हटलं. चौदातले तीन. उद्या पाचला द्यायची आहे. आणि मला बसवत नाही, आई. खुर्ची चावते.

“फोन ठेवू नका,” त्या म्हणाल्या. “समोर ठेवा.”

मार्करचा डबा आडवा करून त्याला टेकवून फोन उभा केला. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. पान उलटल्याचा. मग पेन्सिल.

मी चौथा दात उचलला.

पाचवा. सहावा. मधे कधीतरी उठायला पाय जमिनीवर टेकवले, तेव्हा पलीकडून त्या खाकरल्या. त्यांना दिसत नव्हतं काही. कदाचित घशातच काही असेल. बसलो.

नवव्या दाताला मी विचारलं की त्या दिवशी मी न्यायला आलो नाही, तुम्ही तसल्या पायाने चालत आलात, रागावला नाहीत?

“रागावले होते की. म्हणून तर चालत आले, चांगलं सुनवायचं म्हणून. पण दार उघडलं तर तुम्ही मान खाली घालून कामात. परीक्षा जवळ आलेली मुलं बसायची तसे. अशा माणसाला उठवायची सवय नाही मला.”

दहावा दात लावला. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं, बहुधा प्लास्टरची भुकटी.

पावणेसातला चौदा.

१८ मार्च, बुधवार. संध्याकाळी ६

सकाळी नऊला परत फोन लावला. साचा पाण्यात सोडला आणि यावेळी भांड्यासमोरच बसलो, फोन मांडीवर घेऊन. एकदा सेलची आठवण झाली. सासूबाई म्हणाल्या, आच कमी केली का? केली.

एकही बुडबुडा नाही. घासली, पुसली, चकाकी दिली. साडेचारला तयार.

पाचला बातमीवाले आले. कवळी बसवली, खिडकीशी उभे राहिले, आणि भिंतीवरची आग लागल्यास घ्यावयाची खबरदारी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. एकही ‘श’ घसरला नाही. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. उद्या याच दातांनी बोलणार म्हणाले.

मॅडमनी जुन्या स्पंजाची आठवण काढली नाही. फक्त विचारलं की दोन दिवसांत कसं जमवलंत. माझ्या पाठीमागे फळा होता. चारही रंग होते. तोंडात शब्द तयार होता. तेवढ्यात टेबलावरचा फोन शिंकला. मॅडम म्हणाल्या, कोण आहे? मी म्हटलं, सासूबाई. मॅडम जरा थांबल्या, फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ठीक आहे म्हणून गेल्या. टेबल हलवायचं काही बोलल्या नाहीत.

मग मीच विषय काढला. म्हटलं, आई, रोज दुपारी दोन ते पाच, असा फोन चालू ठेवला तर चालेल का? फार दिवस नाही, सवय लागेपर्यंत. त्या म्हणाल्या, सवयीचं माहीत नाही, पण बसेन. फक्त गुरुवारी नाही. गुरुवारी दुपारी त्यांच्या शेजारच्या वकीलबाई फायली घेऊन त्यांच्याकडे येऊन बसतात. एकटीने उरकत नाही म्हणे. तीन वर्षं झाली.

मी विचारलं, त्यांनाही एडीएचडी आहे का? त्या म्हणाल्या, मी कशाला विचारू, मी कोडं सोडवते.

उद्या गुरुवार. दोन कॅपा, एक तुटलेली कवळी.

नव्या पद्धतीचा विचार करावा म्हणून मार्कर उचलला. लाल सुकला होता. खाली ठेवला आणि प्लास्टरवाल्याच्या खोलीत गेलो. म्हटलं, उद्या दुपारचं जेवण माझ्या खोलीत करशील का? तो म्हणाला, का, काय विशेष? बरीच कारणं डोक्यात आली. त्याच्या खोलीत ऊन येतं, धूळ असते, माझ्याकडे पंखा चांगला आहे. यातलं एक निवडायचं होतं. ते जमेना, म्हणून खरं ते सांगितलं. कुणी जवळ असल्याशिवाय माझ्याने काम होत नाही, म्हटलं. सेहेचाळीस वर्षांचा आहे, पण होत नाही.

त्याने हातातला प्लास्टरचा वाडगा खाली ठेवला. जरा विचार केला. म्हणाला, बसेन की. पण जेवल्यावर माझा डोळा लागतो. आणि मी घोरतो.

म्हटलं, घोर.